कुंभार्ली घाट उतरताना

आज कराडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटात थांबलो. धुकं होतं, दिसलं काहीच नाही. पण मजा आहे ती डोंगराच्या पोटात, कोयना जलविद्युत प्रकल्पात!

महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना खरं तर हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. धरणात अडवलेलं तिचं बरंचसं पाणी मात्र आपण बोगद्यातून पश्चिमेला वळवतो. सह्याद्रीचा कडा सरळसोट, त्यामुळे पोफळीच्या भूमिगत वीजगृहापर्यंत पाण्याला चारशे मीटरहून जास्त उंची फुकटात मिळते. या दाबाचं पाणी पेल्टन चाकाच्या, म्हणजे वाट्या लावलेल्या टर्बाइनच्या, वाट्यांवर आदळतं नि जनित्र फिरतं.

मला सगळ्यात भारी वाटते ती उल्लोळ विहीर. घरात नळ झटकन बंद केला की पाईप धाडकन वाजतो ना? इथे टर्बाइन अचानक बंद झालं तर बोगदाभर धावणारं पाणी केवढा दणका देईल! तो दणका ही विहीर झेलते, पाणी नुसतं तिच्यात वर चढतं.

प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ ला जलाशयाच्या तळाखालून बोगदा नेऊन शेवटचा खडक सुरुंगाने उडवला. तलाव न उपसता! काय धाडस म्हणायचं!

वापरलेलं पाणी कोळकेवाडीत पुन्हा अडवतात, अलोऱ्याला परत वीज काढतात आणि मग वाशिष्ठी नदीत सोडतात. म्हणजे थेट अरबी समुद्र. पूर्वेकडे माणदेश तहानलेला असताना हे थोडं खटकतंच. पश्चिमेला किती पाणी वळवायचं यावर कृष्णा लवादाने (राज्यांमधला कृष्णेच्या पाणीवाटपाचा तंटा सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाने) मर्यादा घातली आहे, ती उगाच नाही.