अंगठ्याला लागत नव्हतं

जुलैत मुद्राचित्रांची, म्हणजे ठोकळ्यावरून किंवा प्लेटवरून छापलेल्या चित्रांची, देवघेव ठेवू नये, हे मला कळायला हवं होतं. जागा ठाण्यातला वागळे इस्टेटचा गाळा. बाहेर संततधार, आत भिंतींना ओल.

हिशेब साधा होता. सहभागी १२, प्रत्येकाच्या १४ प्रती: १२ वाटपाला (प्रत्येकाला सगळ्यांची एकेक), १ प्रदर्शनाला, १ संग्रहाला. कागद २८ × ३८ सेंमी, कारण ५६ × ७६ च्या तावाचे बरोबर चार तुकडे होतात. चार तावांत १६. म्हणजे १४ अधिक २ ए/पी (आर्टिस्ट्स प्रूफ, चित्रकाराच्या स्वतःच्या, क्रमांकाऐवजी पेन्सिलीने 'ए/पी' लिहिलेल्या प्रती). छापताना प्रत बिघडणार हे धरून पाचवा ताव घ्या, असं पत्रकात ठळक लिहिलं होतं. तीन जणांनी तो घेतला नाही. सपाट पाठवा म्हटलं, तरी चौघांची चित्रं नळीत गुंडाळून आली. मुद्राचित्रकार पत्रक वाचत नाहीत.

शनिवारी टेबलांवर १२ गठ्ठे ओळीने मांडले आणि एकेक प्रत उचलत संच लावले. प्रत्येक चित्रावर ग्लासीनचा, म्हणजे पातळ गुळगुळीत, कागद. शेवटच्या चार संचांना ग्लासीन कमी पडला. मदतीच्या पोरांनी काटकसर करून एक काळं लाकूडकोरीव (कोरलेल्या लाकडी ठोकळ्याचा छाप) आणि एक एचिंग (आम्लाने कोरलेल्या धातूच्या प्लेटचा छाप) तोंडाला तोंड लावून ठेवलं. मीही पाहिलं नाही. वर १८ मिमीचा प्लायवूड, त्यावर विटा.

रविवारी सकाळी उघडलं, तर चारही एचिंगांच्या मोकळ्या पांढऱ्या आकाशात लाकडाच्या रेषा उलट्या उमटलेल्या.

लाकूडकोरीव करणाऱ्या सरांना फोन केला. "अहो, अंगठ्याला लागत नव्हतं!" लागणारच नव्हतं. जवसाच्या तेलातली शाई हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळते आणि ती वरून आधी वाळते. वर साय धरते, खाली ओलीच. त्यात काळा कार्बनचा, म्हणजे वाळायला सगळ्यात आळशी. रोलर जाड फिरवलेला. आणि प्रती छापल्या छापल्या प्लास्टिकच्या पिशवीत बंद. हवाच नाही तर वाळणार कशी? खरी तपासणी अशी: कोपऱ्यावर कोरा न्यूजप्रिंट ठेवा, चमच्याच्या पाठीने जोर देऊन घासा, उचलून बघा. अंगठ्यावर विटा नसतात.

एका एचिंगवर मऊ खोडरबर टेकवून पाहिला. शाई थोडी उचलली, पण कागदाची लव उभी राहिली. टर्पेंटाइनने तेलाची कड धरली असती. तिथेच थांबलो.

सरांचा ठोकळा शाबूत होता. त्यांनी बिघडलेल्या चार प्रती फाडून त्याच क्रमांकांच्या नव्या छापल्या. एचिंगवालीची प्लेट मात्र, पुन्हा प्रती निघू नयेत म्हणून, नियमाप्रमाणे आडवी-तिडवी ओरखडून रद्द झालेली, ओरखडलेल्या प्लेटचा पुरावा-ठसाही तिने वेळेत पाठवलेला. असं करणारी ती एकटीच. "दादा, प्लेट तर तुम्हीच रद्द करायला लावलीत ना?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

चांगल्या १० अधिक तिच्या २ ए/पी, असे १२ संच कसेबसे भरले. ए/पी खोडून क्रमांक घालावा, असं दोघांनी सुचवलं. मी नाही म्हटलं. पेन्सिल खोडली तरी दाबाची खूण राहतेच. सूचिपानावर दोन संचांत ए/पी असल्याची नोंद केली. डागाळलेल्यांपैकी एक संग्रहात, एक प्रदर्शनाच्या संचात. उरलेल्या दोन तिला परत. प्रदर्शनातल्या चित्राखाली डागाचं कारण लिहायचं का, हे तिने माझ्यावर सोडलंय. पाटी अजून कोरीच आहे.