रोथचा कोर्स फास्ट आहे म्हणजे नक्की काय, हे मला शेवटच्या १० किलोमीटरमध्ये कळलं

गोव्याची ७०.३ (म्हणजे हाफ आयर्नमॅन ट्रायथलॉन: पोहणं, सायकल, पळणं सलग, सगळं फुलच्या निम्मं) केली तेव्हा मला ६ तास ३८ मिनिटं लागली होती. मिरामारच्या समुद्रात पाणी कोमट त्यामुळे वेटसूट (अंगाला चिकटणारा, तरंगायला मदत करणारा रबरी सूट) नाही, लाटांमध्ये डोकं वर काढून बोया (रस्ता दाखवणारा तरंगता फुगा) शोधायचा, सायकलवर यू-टर्नच यू-टर्न, आणि रन सुरू होईपर्यंत ऊन असं की डोक्यावर ओतलेलं पाणी पण गरम वाटत होतं. तिथून घरी येतानाच ठरवलं की फुल (३.८ किलोमीटर पोहणं, १८० सायकल, ४२.२ पळणं) करायची तर एखाद्या फास्ट कोर्सवर. ग्रुपमध्ये विचारलं तर सगळ्यांचं एकच, हॅम्बुर्गला जा, सपाट आहे. मी पण तेच धरून चाललो होतो, फास्ट म्हणजे सपाट.

मग रेकॉर्ड बघत बसलो आणि डोकं चक्रावलं, कारण सगळीकडे रोथच. जर्मनीत न्यूर्नबर्गच्या जवळचं बव्हेरियातलं छोटं गाव. १९९६ला लोथार लेडरने तिथेच ७:५७ मारून आठ तासांची भिंत पहिल्यांदा फोडली, २०१६ला यान फ्रोडेनो ७:३५, २०२३ला मॅग्नस डिटलेव्ह ७:२४. आणि कोर्सचा नकाशा उघडला तर सायकलच्या दोन फेऱ्यांत मिळून हजार मीटरच्या वर चढ! म्हटलं हे काय लॉजिक.

एन्ट्री मिळणं हा वेगळाच तमाशा. ऑनलाइन विंडो उघडते आणि मिनिटभरात संपते, पहिल्या वर्षी माझं पान लोड होईपर्यंत खेळ खल्लास. दुसऱ्या वर्षी बायको आणि मी दोन लॅपटॉप घेऊन बसलो होतो, तिच्या लॅपटॉपवरून लागली. (ती अजून ऐकवते.)

तर ७ जुलै २०२४. पालख्या नुकत्याच पुण्यातून पुढे गेल्या होत्या, आईने आदल्या दिवशी फोनवर विचारलं, तिकडे पाऊस आहे का रे. मी पहाटे कालव्याच्या काठावर वेटसूट कमरेपर्यंत चढवून कुडकुडत उभा होतो. पोहणं माइन-डॅन्यूब कालव्यात. पोहायला लागेपर्यंत मला कळलं नव्हतं की हे केवढं मोठं गिफ्ट आहे. कालव्याला लॉक (पाणी अडवणारे दरवाजे) आहेत, त्यामुळे पाणी जवळपास थांबलेलं, लाट नाही, करंट नाही, त्या दिवशी बोटी बंद. दोन्ही बाजूंना काठ आणि काठावर माणसं, म्हणजे श्वास घ्यायला मान वळवली की आपण सरळ चाललोय का ते आपोआप दिसतं, समोर बघायला डोकं वर काढायची गरजच कमी. गोव्यात मी निदान शंभर-दीडशे मीटर तरी जास्तीचा पोहलो असेन वाकडातिकडा जाऊन. वर वेटसूट, ज्याने पाय आपोआप वर तरंगतात. माझ्यासारख्या टिळक तलावात मोठेपणी पोहायला शिकलेल्या माणसाचे पाय एरवी नांगरासारखे खाली जातात, त्यामुळे फरक आमच्यासारख्यांनाच जास्त पडतो. आणि सुरुवात एकदम सगळ्यांची नाही, दर पाच मिनिटांनी तोफेचा आवाज आणि साधारण दोनशे जणांचा एक गट पाण्यात, त्यामुळे लाथा कमी खाल्ल्या. १ तास १९ मिनिटं. मी घड्याळाकडे दोनदा बघितलं.

आता सायकल. पहिले तीस-पस्तीस किलोमीटर मी नुसता हसत होतो, कारण रस्ता. अहो काय डांबर आहे ते. आपल्याकडे पुण्यात बोपदेव घाटात जाताना अर्धं लक्ष खड्ड्यात, अर्धं मागून येणाऱ्या टेम्पोत. इथे रस्ता पूर्ण बंद, सिग्नल नाही, कुत्रं नाही, आडवी येणारी म्हातारी नाही, ब्रेकला हातच लागत नाही. एकदा कमावलेला वेग कोणी तुमच्याकडून काढून घेत नाही, हा सगळा हिशोब आहे. यू-टर्नला तुम्ही ३५ वरून १२ वर येता आणि परत ३५ला जायला जी ताकद जाते ती कुठल्याच ॲपमध्ये चढ म्हणून दिसत नाही.

चढ आहेतच. ग्रेडिंग गावातून वर काल्व्हारियनबेर्ग म्हणून आहे, तिथे दम निघतो, आणि नंतर वळणावळणाचा उतार आहे, तिथे माझी थोडी फाटली होती. चढात गेलेली सगळी मिनिटं उतारात परत मिळत नाहीत हे शाळेतल्या गणिताने पण सिद्ध होतं. पण बाकीचे बरेचसे चढ असे आहेत की समोरच्या उतारावरून सुटलं की त्याच जोरावर पुढचा अर्धा चढ फुकटात. शिवाय एकाच पोझिशनमध्ये सहा तास वाकून बसण्यापेक्षा मध्येमध्ये उभं राहायला मिळतं, पाठ मोकळी होते. पूर्ण सपाट कोर्सवर ते सुख नाही, आणि तिथे वारा असला तर लपायला जागा पण नाही.

आणि मग हिल्पोल्टश्टाइनजवळचा सोलारर बेर्ग. व्हिडिओ शंभर वेळा बघितले होते तरी अंगावर काटा आला. माणसं रस्त्यावर इतकी पुढे आलेली की एक सायकल जाईल एवढीच फट, तुम्ही पुढे जाल तशी ती उघडत जाते. दिवे घाटात पालखी चढताना बाजूला उभं राहिलोय मी लहानपणी, तसा आवाज. तो चढ खरं तर फार मोठा नाही, पण वर गेल्यावर बघितलं तर पॉवर (पेडलवर लावलेली ताकद) माझ्या ठरवलेल्या आकड्याच्या ९० वॅट वर! ही माझी चूक, आणि दुसऱ्या फेरीत मी तीच परत केली.

१८० किलोमीटरला ६ तास २ मिनिटं. प्रो लोक आमच्या आधी सुटतात, त्यामुळे मी सायकलवरून उतरायच्या आधी डिटलेव्ह ७:२३:२४ मध्ये आणि महिलांमध्ये ॲन हौग ८:०२:३८ मध्ये संपवून मोकळे, दोघांचेही रोथचे तोपर्यंतचे सर्वात फास्ट टाइम. एक गोष्ट मात्र सांगतो, नुसत्या आकड्यांवर जाऊ नका. २०२१ला पॅट्रिक लांगेने तिथेच ७:१९ केलं होतं, पण रस्त्याच्या कामामुळे सायकलचं अंतर कमी होतं म्हणून ते रेकॉर्ड धरत नाहीत. "फास्ट" कोर्स कधीकधी नुसता छोटा असतो.

रन कालव्याच्या काठाने, एकदम सपाट, दाबलेली माती-खडी, पायाला मऊ. हवा पण गोव्यासारखी जीव काढणारी नाही. २५ किलोमीटरपर्यंत मी साडेचार तासांच्या मॅरेथॉनची स्वप्नं बघत होतो. मग मांड्यांनी सोलारर बेर्गचं बिल पाठवलं. शेवटी कोर्स ब्युखेनबाख गावाकडे वर चढतो, एरवी मी ज्याला चढ पण म्हणणार नाही असला, आणि तिथे मी चाललो. एक आजोबा खुर्ची टाकून बसले होते, माझ्या बिबवरचं (अंगावर लावलेल्या नंबरच्या कागदावरचं) नाव वाचून त्यांनी जे काही उच्चारलं ते माझं नाव नव्हतं, पण मी पळायला लागलो. रन ४:५८, एकूण १२:३०. कटऑफ (संपवायची मुदत) १५ तासांचा आहे, त्यामुळे टेन्शन नव्हतं, पण कोर्सने दिलेली निदान वीस मिनिटं मी स्वतःच परत केली.

परत आल्यावर ग्रुपमधल्या एकाने पहिला प्रश्न विचारला, "पण सपाट आहे का?" मी म्हटलं रविवारी ये, बोपदेव तीनदा करू, चढात माझ्या मागे राहायचं, पुढे जायचं नाही, आणि मग लगेच दहा किलोमीटर पळू. तो म्हणाला बघतो.