यमाला चकवणारी नावं

जमिनीचा जुना फेरफार उतारा हाती आला की गट नंबर, आणेवारी राहते बाजूला आणि मी नावांतच अडकतो. दगडू बिन धोंडू, केरू बिन भिकू, सटवाजी, नथू. ही नावं आता विनोदी नाटकातल्या गड्याच्याच वाट्याला येतात. हल्ली बाळाच्या नावाचा अर्थ आई-बापांना मोबाइलवर शोधावा लागतो. दगडूचा अर्थ विचारायला कुणाकडे जावं लागत नव्हतं.

लागोपाठ दोन-तीन मुलं पाळण्यातच गेली की पुढच्याला गोमटं नाव ठेवायची घरच्यांची छाती होत नसे. मग देवाकडे पदर पसरून मागितलेला तो भिकू. सटवाईच्या पायावर घातलेला सटवाजी. केरात टाकल्यासारखं करून उचललेला केरू. केर कोण कशाला चोरून नेईल? दगडधोंड्यांकडे तर यम ढुंकूनही बघणार नाही. धोंडो केशव कर्वे १८५८ साली जन्मले, शंभराव्या वर्षी भारतरत्न झाले आणि १९६२ पर्यंत, चांगली १०४ वर्षं जगले. नावाचा गुण म्हणा हवं तर!

मला सगळ्यांत चमत्कारिक वाटतो तो नथू. मुलगाच, पण नाक टोचून नथ घातलेला. नेणाऱ्याला मुलगी वाटावी आणि त्यानं हात हलवत परत जावं, ही युक्ती. म्हणजे मुलगी यमालाही नको असणार, हे घरानं परस्पर ठरवूनच टाकलेलं.

आणि खरीच मुलगी झाली, तीही तिसरी-चौथी, तर तिचं नाव नकोशी, नकुसा. इथं चकवायला यम नव्हता. पुढच्या खेपेला मुलगा व्हावा म्हणून देवाला दिलेली ती तंबी होती, आणि ती मिरवायची मात्र पोरीनं, शाळेच्या हजेरीत रोज मोठ्यानं. सातारा जिल्ह्यात २०११ च्या ऑक्टोबरात समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावं दिली. काहींनी आपलं नाव आपणच निवडलं. त्यात ऐश्वर्याही होती. छान केलं.

अशा समारंभावाचून राहिलेलीला मोठेपणी नाव बदलायचं तर अर्ज, फी, राजपत्रात जाहिरात, मग प्रत्येक कागदासाठी वेगळे खेटे. नाव ठेवणारी आत्या कानात कुर्रर्र करून, घुगऱ्या खाऊन केव्हाच मोकळी झालेली असते.