एका सामन्याचा खेळाडू

मिनियापोलिसहून उत्तरेला सव्वातीन-साडेतीन तास गाडी हाकली की चिझम लागतं. मेसाबीच्या लोखंडी खाणींचा हा पट्टा. माती इतकी तांबडी की क्षणभर कोकणात आल्यासारखं वाटतं. फक्त थंडीकडे लक्ष द्यायचं नाही. मी आलो होतो खाणी बघायला, पण ऑफिसातल्या बेसबॉलवेड्या सहकाऱ्याने बजावलं होतं, 'डॉक ग्रॅहमचं गाव आहे ते.'

आर्चिबाल्ड ग्रॅहम, टोपणनाव 'मूनलाइट'. २९ जून १९०५ रोजी न्यूयॉर्क जायंट्स या त्यांच्या बेसबॉल संघाचा सामना ब्रुकलिनला होता. निकाल जवळजवळ ठरलेलाच. शेवटी जायंट्स ११-१ ने जिंकले. आठव्या डावात मॅनेजर जॉन मॅकग्रॉने ग्रॅहमना राइट फील्डला पाठवलं. तिथे उभा राहणारा आउटफिल्डर, म्हणजे साधारण आपला सीमारेषेजवळचा फिल्डर. नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात जायंट्सची बॅटिंग आली. पुढचा नंबर ग्रॅहमचा, बॅट घेऊन तयार उभे, आणि समोर त्यांच्याच संघातल्या क्लॉड एलियटचा उंच उडालेला चेंडू झेलला गेला. तिसरा बळी, आणि बेसबॉलमध्ये तीन बळी गेले की बॅटिंग संपते. पुन्हा थोडी फिल्डिंग, आणि सामना खलास. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वात वरच्या पातळीच्या बेसबॉलमध्ये, त्यांना दुसरा सामना कधीच मिळाला नाही. नोंद राहिली ती एवढीच: सामने १, बॅटिंग ०.

गल्ली क्रिकेटमध्ये हे दुःख आपण सगळ्यांनीच भोगलंय. दिवसभर उन्हात फिल्डिंग, आणि आपला नंबर येईस्तोवर अंधार. पण आमच्याकडे निदान एक नियम होता: ज्याची बॅटिंग राहिली, त्याला उद्या पहिली.

ग्रॅहम त्यानंतरही काही वर्षं खालच्या लीगमध्ये, स्क्रँटनकडून खेळले. डॉक्टरीची पदवी त्यांनी त्याच १९०५ मध्ये घेतली होती. १९०९ मध्ये ते चिझमला आले आणि चाळीसहून अधिक वर्षं इथल्या शाळांचे डॉक्टर होते. खाणकामगारांच्या पोरांचा रक्तदाब मोजून ठेवायचे, आणि त्यावर त्यांचा शोधनिबंधही निघाला. मला तर खेळापेक्षा हेच मोठं वाटतं. १९६५ मध्ये ते वारले. पुढे एका कादंबरीकाराला बेसबॉलच्या आकड्यांच्या जाडजूड ग्रंथात ती एका सामन्याची ओळ दिसली. त्यातून कादंबरी झाली, मग १९८९ मध्ये चित्रपट, आणि चिझमचे डॉक्टर अमेरिकाभर माहीत झाले.

आणि आपल्याशी धागा कुठे जुळावा? काश्मीरला! संयुक्त राष्ट्रांनी १९५१ मध्ये भारत-पाकिस्तानसाठी नेमलेले प्रतिनिधी फ्रँक ग्रॅहम हे याच डॉक्टरांचे धाकटे भाऊ.

रात्री बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं. वाटलं, आता काश्मीरवर अर्धा तास ऐकावं लागणार. बाबा जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "अरे, पण दुसऱ्या दिवशी तरी त्याला पहिली बॅटिंग द्यायची ना!"