सल्फाची अ‍ॅलर्जी: कुठल्या गोळीची, ते सांगा

आमच्या मेडिकलच्या काउंटरवर ‘मला सल्फा चालत नाही’ असं कुणी म्हणालं, की मी दोन गोष्टी विचारते. गोळी कुठली होती आणि नेमकं काय झालं होतं? बहुतेकांना एवढंच आठवतं, की अंगावर पुरळ उठलं होतं.

ही अ‍ॅलर्जी बहुधा सल्फा अँटिबायोटिकची असते. त्यातलं सगळ्यांत ओळखीचं कोट्रायमॉक्साझोल, म्हणजे सेप्ट्रान किंवा बॅक्ट्रिम. भाजल्यावर लावायचं सिल्व्हर सल्फाडायझिन, डोळ्यांत घालायचे सल्फासेटामाइडचे थेंब आणि संधिवातासाठीचं सल्फासॅलाझिन यांपासूनही अशा माणसाने लांबच राहावं. मलम आणि थेंब लोक औषधात धरत नाहीत, म्हणून मी ते मुद्दाम विचारते.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. नेहमी येणाऱ्या एका मावशींच्या पायांवर सूज होती, हृदयाचा त्रास होता. डॉक्टरांनी लॅसिक्स, म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी लघवीवाटे काढणारी गोळी, लिहून दिलं, पण ‘त्यात सल्फा असतं’ असं कुणीतरी सांगितल्यामुळे त्यांनी ते घेतलंच नाही. धाप वाढत चालली होती. मी त्यांच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी जुनी रिअ‍ॅक्शन नीट विचारून घेतली आणि गोळी सुरू करायला सांगितली.

लॅसिक्स, ब्लड प्रेशरचं हायड्रोक्लोरोथायाझाइड, मधुमेहाचं ग्लिमेपिराइड, दुखण्यावरचं सेलेकॉक्सिब या सगळ्यांच्या रेणूत सल्फोनामाइड गट, म्हणजे ज्याला लोक ‘सल्फा’ म्हणतात तो रासायनिक भाग, असतो, हे खरं. पण सल्फा अँटिबायोटिकच्या रेणूतला जो भाग अ‍ॅलर्जीला कारण ठरतो, तो यांच्यात नसतो. 2003 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की सल्फाची अ‍ॅलर्जी असलेल्यांना या औषधांची रिअ‍ॅक्शन इतरांपेक्षा जास्त येते खरी, पण ज्यात सल्फा नसतंच त्या पेनिसिलिनची त्याहूनही जास्त येते. म्हणजे मुळात शरीरच अ‍ॅलर्जीकडे झुकणारं. तरीही सेलेकॉक्सिबच्या माहितीपत्रकात इशारा छापलेला असतो, म्हणून निर्णय डॉक्टरांचाच. मॅग्नेशियम सल्फेट किंवा खरजेचं गंधकाचं मलम यांचा मात्र या अ‍ॅलर्जीशी काही संबंध नाही.

एका बाबतीत मी अजिबात सूट देत नाही. गोळी सुरू केल्यावर ताप, तोंडात फोड, डोळे लाल, कातडी दुखून सोलवटणं, असं झालं असेल तर तो स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम असू शकतो. हे बहुधा पहिल्या काही आठवड्यांत होतं आणि जिवावर बेततं. असं होताना दिसलं तर गोळी बंद करून थेट हॉस्पिटल गाठायचं. ज्यांना एकदा हे होऊन गेलंय, त्यांनी ते औषध पुन्हा कधीही घ्यायचं नाही, ‘थोडंसं घेऊन बघू’ म्हणूनसुद्धा नाही. आणि सल्फोनामाइड गटातलं दुसरं कुठलंही औषध घेण्याआधी ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालायचीच.

लहानपणी नुसतं पुरळ आलेल्यांनी अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांना भेटावं. ते देखरेखीखाली औषध देऊन तपासू शकतात. आणि फाईलच्या पहिल्या पानावर नुसतं ‘सल्फा’ लिहू नका. गोळीचं पूर्ण नाव, साल, कितव्या दिवशी काय झालं आणि अ‍ॅडमिट व्हावं लागलं का, हे सगळं लिहा. त्याचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असू द्या.