गुग्गुळाची छाट कलमे: हिवाळ्यापर्यंतची स्थिती

जूनअखेर लावलेल्या कलमांपैकी जाड काड्या टिकल्या, बारीक बहुतेक कुजल्या. मुळ्या येईपर्यंत कलम काडीतल्या साठ्यावर जगतं आणि बारीक काडीत तो पुरत नाही. म्हणून करंगळीच्या जाडीची, निदान 10 मिमीची, 20 ते 25 सेंमी लांब पक्की काडी घ्या. कापल्यावर चीक गळतो. एक-दोन दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्या, मग तिसरा हिस्सा मातीत जाईल अशी लावा.

मिश्रण: मुरूम दोन भाग, वाळू एक, कुजलेलं शेणखत एक. तापीकाठची काळी माती पिशवीत नकोच. ती पाणी धरून ठेवते, बुडखा मऊ पडतो आणि वर हिरवी दिसणारी काडी खालून गेलेली असते.

पंधरवड्यात पालवी फुटते तेव्हा फसू नका, मुळ्या त्यानंतर येतात. काडी उपटून बघायची नाही. पिशवीच्या भोकांतून पांढरी मुळी डोकावेपर्यंत थांबा.

आता पानं झडली आहेत. गुग्गुळ कोरड्या दिवसांत निष्पर्ण होतोच. कागदासारखी साल सोलून नखाने खरवडा: खाली हिरवं असेल तर झाड जिवंत. या काळात दया येऊन पाणी वाढवलं की कलम सडतं.

शेतात लावणी पुढच्या पावसाळ्यात, धुळे जिल्ह्यातल्या साक्री-शिंदखेड्यासारख्या मुरमाड उतारावर, 2 ते 3 मीटर अंतराने. वाळवीसाठी खड्ड्यात निंबोळी पेंड घाला.

औषध म्हणजे खोडातून पाझरणारी डिंकराळ. त्रिफळा काढ्यात शुद्ध करून ती योगराज गुग्गुळ, कैशोर गुग्गुळ या आयुर्वेदिक औषधांत वापरतात. संधिवात आणि मेद हे तिचे जुने उपयोग. त्यातली गुग्गुलस्टेरोन ई आणि झेड ही स्टेरॉइडं सर्वाधिक अभ्यासली गेली. मात्र 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत 8 आठवड्यांत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उतरलं नाही, उलट थोडं वाढलं, आणि काहींच्या अंगावर पुरळ उठलं. तेव्हा कोलेस्टेरॉलसाठी मनाने घेऊ नये. गरोदरपणात तर नकोच.

राळेसाठी खोडाला चिरा देण्याची घाई हेच या झाडाचं मरण आहे. जंगलातला गुग्गुळ आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे, त्यामागे हीच ओरबाड आहे. सात-आठ वर्षांच्या आत चिरू नका. त्यानंतरही हिवाळ्यात फक्त सालीपुरती उथळ चीर द्या. राळ वाढवायला मोरचूद चोपडला की एकदा भरपूर निघते, मग झाड वाळतं.