स्टेटमेंट शेवटपर्यंत वाचलं

आज संध्याकाळी क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट पहिल्यांदाच शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. गेल्या महिन्यात घाईत फक्त 'किमान देय रक्कम' भरली होती. वाटलं, वेळेत भरलं, विषय संपला. पण उरलेल्या रकमेवर तर व्याज लागलंच, शिवाय नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून लागलं. थकबाकी ठेवली की बिनव्याजी मुदत मिळतच नाही. महिन्याला 3 टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. चक्रवाढीने वर्षाला 42 टक्क्यांच्या वर जातं. कॅलक्युलेटरवर दोनदा करून पाहिलं.

तरी कार्ड बंद करणार नाही. आईला अचानक दवाखान्यात न्यावं लागलं, तेव्हा रात्री दोन वाजता अनामत रक्कम याच कार्डाने भरली होती. कुणापुढे हात पसरावा लागला नाही, हे मी विसरू शकत नाही. (रिवॉर्ड पॉइंटांचं मात्र मला फारसं कौतुक नाही.) कार्डावर रोख रक्कम तर कधीच काढणार नाही, तिथे व्याज त्याच दिवसापासून सुरू.

आत्ताच सगळी थकबाकी भरली आणि ऑटो-पे 'किमान'वरून 'संपूर्ण रकमे'वर नेलं. दोन्ही पर्याय एकाखाली एक होते. खूण आधीपासून 'किमान'वर होती.